घाम पिणारं कापड

"घाम पितंय का हे?"

कुणी नवीन कपडे घालून कामावर आलं की अक्का आधी कापडाची विचारपूस करायच्या आणि मग माणसाची. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत समोरच्याची बाही धरायची, जराशी चोळायची आणि हा प्रश्न टाकायचा. उत्तरासाठी त्या थांबायच्या नाहीत. कापड सुती निघालं तर पाठीवर थाप पडायची. नसलं तर, "घाल की. तुझं अंग, तुझं घामोळं."

एकदा तर पुण्याहून आलेल्या एका मोठ्या साहेबांची बाही त्यांनी अशीच धरली. साहेब जरा अवघडून हसले आणि म्हणाले, "हा सूट बाहेरून आणलाय, इटलीतून."

"मग तिकडंच घाला की पावणं. हितं कागलात मे महिना हाय."

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि दुपारपर्यंत तो परत अंगावर चढवला नाही.

कागलच्या एमआयडीसीत मी कामाला असते ती फौंड्री, लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, आहे. अक्का तिथे स्टोअर सांभाळायच्या. हातमोजे, चष्मे, ॲप्रन, सगळं त्यांच्या खिडकीतून मिळायचं. माहेर कर्नाटक सीमेकडचं, सासर कुरुंदवाडचं, दोन्हीकडे जैन शेतकरी घराणी. तिकडे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून त्या सगळ्या फौंड्रीच्या अक्का झाल्या होत्या. गुडघ्याच्या खाली येणारा सैल सुती कुडता, कोपरापर्यंत बाह्या, खाली गडद पायजमा, केसांचा घट्ट अंबाडा. तुम्ही त्यांना रस्त्यात पाहिलं असतं तर दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं. पण बोलायला लागल्या की लांबूनही ओळखल्या असत्या. आवाज मोठा, आणि बोलणं इकडच्या जुन्या बायकांसारखं, 'मी येतो', 'मी बघतो' असं. मी नाशिकची, लग्न होऊन कोल्हापुरात आले. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. नंतर ते कानाला इतकं गोड लागायला लागलं की अक्का 'मी येते' म्हणाल्या असत्या तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं.

त्यांची माझी खरी ओळख झाली ती माझ्या सर्वांत वाईट उन्हाळ्यात.

बाळंतपणाची रजा संपवून मी एप्रिलमध्ये कामावर आले. मुलगी, चिऊ, अजून अंगावर पीत होती. जुने कुडते छातीत बसत नव्हते. रजेवर असताना, ती मांडीवर झोपली की मी मोबाइलवर बघून बघून कपडे मागवले होते. फोटोत सगळे सुंदर होते. घरात आल्यावर एकाची चेन पाठीवर, एकाला आतून टोचणारं अस्तर, एकाचं कापड असं की पंख्याखालीही भिजावं. कंपनीची बस कावळा नाक्यावरून सुटायची. रोज सकाळी मी उघड्या कपाटासमोर उभी राहायचे, मागे चिऊ रडायची आणि खालून नवरा हाका मारायचा. कपाट गच्च भरलेलं, आणि घालायला काही नाही.

एके दिवशी बाहेरगावचे ग्राहक कारखाना बघायला आले. मी क्वालिटीत, म्हणून त्यांच्यासोबत भट्टीपर्यंत जायचं होतं. नीट दिसावं म्हणून मी जॉर्जेटचा फिका निळा कुडता घातला होता. भट्टीजवळची ती झळ, अंगाला चिकटलेलं कापड, आणि चिऊची दुधाची वेळ. व्हायचं तेच झालं. कुडत्यावर दोन ओले डाग पसरायला लागले. मी हातातली फाईल छातीशी घट्ट धरली. नेमकं तेव्हाच पाहुण्यांनी तपासणीचा रिपोर्ट मागितला. रिपोर्ट त्याच फाईलमध्ये होता.

मी फाईल दिली नाही. "आणते," एवढंच कसंबसं म्हणाले आणि वळून चालायला लागले. आमच्या साहेबांचं तोंड मला न बघताही दिसत होतं. सर्वांत जवळचं दार स्टोअरचं होतं. मी आत शिरले आणि हातमोज्यांच्या गठ्ठ्यांमागे बसून रडायला लागले.

अक्कांनी आधी खिडकीची झडप ओढून घेतली. बाहेरून कुणीतरी ठोठावलं तर आतूनच ओरडल्या, "स्टोअर बंद हाय! ग्लोव्ह्ज न्हाईत म्हणून कुणी मरत न्हाय!" मग त्यांनी मला माठातलं पाणी दिलं आणि एक नवाकोरा जाड ॲप्रन माझ्या गळ्यात अडकवून मागे नाडी बांधली.

"समोरनं सगळं झाकलं बघ. जा आता, त्यास्नी काय पायजे ते दे."

"अक्का, मी राजीनामाच देते."

"दे की. पण उन्हाळ्यात देऊ नको. उन्हाळ्यात माणसाचं डोकं जाग्यावर नसतंय. जरा गार पडलं की दे."

मी डोळे पुसले, जाऊन फाईल दिली. ॲप्रन घातलेली बाई भट्टीजवळ बघून पाहुण्यांना उलट बरंच वाटलं असावं.

त्या रविवारी सकाळीच अक्का आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर हजर. बोलावलं नव्हतं. सासूबाईंना नमस्कार करून म्हणाल्या, "हिचं कपाट बघायला आलोय." सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. तोवर अक्कांनी माझे सगळे कपडे पलंगावर ओतले होते. चिऊ त्या ढिगात लोळायला लागली.

एकेक कपडा उचलून अक्का विचारायच्या, "ह्यात पोरीला पाजता येतंय? खाली बसून तिला उचलता येतंय? धुवून दोरीवर टाकलं की बिनइस्त्रीचं घालता येतंय?" मी नाही म्हटलं की कपडा बाजूला. बाजूचा ढीग वाढत गेला. शेवटी हातात राहिले कॉलेजातले दोन विटलेले सुती कुडते.

"बघ. कॉलेजात शाणी हुतीस."

ढिगात सासूबाईंनी दिवाळीला दिलेला जरीचा ड्रेसही गेला होता. त्यांचा चेहरा उतरला. अक्कांच्या ते बरोबर लक्षात आलं. "ते वर ठिवूया, वैनीसाब. लग्नकार्यात घालंल, मिरवंल. हितं नुसतं रोजच्या मारामारीचं चाललंय." सासूबाई हसल्या आणि ताक करायला आत गेल्या.

दुपारी आम्ही महाद्वार रोडला गेलो. चिऊ अक्कांच्या कडेवर. दुकानदार ताग्यामागून तागे उलगडत होता आणि अक्का एकेका कापडाला चिमटीत घेत होत्या. मला एक पांढरंशुभ्र मलमल फार आवडलं.

"पांढरं नको. आंब्याचं दिस हायत, आणि पोरीला दात येतायत."

त्यांनी मोहरी रंगाचं काढलं. मग एक गडद निळं, एक विटकरी, एक बारीक फुलांचं मातकट हिरवं. त्या सगळ्यांखाली चालतील असे दोन पायजमे, एक काळा आणि एक तपकिरी. बस, एवढंच. शिवणाऱ्या बाईंना त्यांनी समोर बटणं लावायला सांगितली. त्या म्हणाल्या, "गाऊन दिसंल ओ अक्का." त्यावर अक्कांनी टेबलावर कापडाला चुण्या घालून दाखवल्या. बटणं चुणीखाली जातील, बघणाऱ्याला कळणार नाही आणि बाळाला थांबावं लागणार नाही.

सगळंच काही जमलं असं नाही. विटकरी कुडत्याचा रंग गेला आणि चिऊची सगळी दुपटी गुलाबी झाली. मी तक्रार केली तर अक्का म्हणाल्या, "मग? गुलाबी वाईट दिसतंय का पोरीला?" आपलं चुकलं असं त्या कधी म्हणायच्या नाहीत.

पण सकाळ बदलली. थप्पीतला वरचा कुडता घ्यायचा, तो कुठल्याही पायजम्यावर चालतो. कपाटासमोर जाणाऱ्या वेळात आता मी चिऊला घेऊन गॅलरीत बसायला लागले. समोरच्या झाडावरचे कावळे तिला दाखवायचे. ती हात हलवायची. बसमध्ये चढताना माझा श्वास जागेवर असायचा. पाऊस आला, गारवा आला. राजीनाम्याचं कुणी नाव काढलं नाही, मीही नाही.

एकदा बसमध्ये मी त्यांना विचारलं, "तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

"सासूनं," त्या म्हणाल्या.

लग्नानंतर अक्का, त्यांचे यजमान आणि सासू कोल्हापुरात भाड्याने राहायचे. अक्कांची मुलगी लहान होती. तिला सासूबाई सांभाळायच्या म्हणून अक्का कामावर जाऊ शकत होत्या. पण घरातली बाई साडीतच बाहेर पडेल, हा सासूबाईंचा नियम. एक दिवस स्टोअरमध्ये अक्कांचा पदर ढकलगाडीच्या चाकात गेला. त्या पडल्या, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तसं त्यांनी पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली. सासूबाईंनी अबोला धरला. ताट वाढायच्या, नातीला न्हाऊ घालायच्या, पण सुनेशी एक शब्द नाही.

"मग ऐन उन्हाळ्यात एकदा मी कामावरनं आलो. मोरीत पाठीवर पाणी घेत हुतो. पाठ सगळी घामोळ्यानं लाल झालेली, ते ड्रेसचं कापड नायलॉनचं. सासू दारात येऊन हुबी. बोलली काय न्हाय. आत गेली, ट्रंकेतनं आपलं जुनं इरकली लुगडं काढलं, धुवून धुवून लोण्यागत मऊ झालेलं. कात्री घेतली आणि माझा कुडता बेतला. म्हटली, घालायचंच हाय तर अंगाला सोसंल असं तरी घाल."

एवढं सांगून अक्का खिडकीबाहेर बघायला लागल्या.  

पुढे यजमान शेती बघायला कुरुंदवाडला परत गेले, सासूबाईही गेल्या. मुलीचं लग्न झालं. अक्का नोकरीसाठी एकट्या कोल्हापुरात राहिल्या. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती, तेवढ्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. अक्कांनी नोकरी सोडली. साहेबांनी समजावलं, बाई ठेवा, रजा घ्या. अक्का म्हणाल्या, "त्यांनी माझी पोरगी सांभाळली म्हणून मी हितं हुबा ऱ्हायलो, साहेब." आणि स्टोअरच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आता त्या खिडकीत दुसरं कुणी बसतं. हातमोजे तिथे आता झटपट मिळतात, पण खिडकीशी उगाच रेंगाळणारं कुणी दिसत नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही कुरुंदवाडला गेलो. चिऊ आता पळते. घर साधं, स्लॅबचं, पुढे पत्र्याची सावली. तिथे कॉटवर अक्कांच्या सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांच्या अंगात सुती लुगड्याचा गाऊन होता. मी बघतच राहिले. समोर दोन्ही बाजूंनी इरकलीचे काठ उतरलेले, बटणं काठाखाली, आणि डाव्या खांद्यावर शिवून टाकलेला पदर.

"डाक्टर म्हटले गाऊन घाला, लुगड्याच्या घड्यांनी पाठीला जखमा हुतील," अक्का सांगत होत्या. "दुकानातला आणला तर ह्या रडाय लागल्या. आयुष्यभर लुगडं नेसलेली बाई. जेवंनात. मग म्हटलं, लुगडंच कापूया. कापताना मी विचारलं, आत्ती, कापू का? तर मान हलवली."

तेवढ्यात माझा नवरा गाडी लावून आत आला. परका पुरुष दारात दिसताच म्हातारीचा डावा हात वर गेला. खांद्यावरचा पदर तिने चाचपला, ओढला आणि डोक्यावर घेतला. एका हाताने, कुणाची मदत न घेता. मग मान ताठ करून तिने पाहुण्याकडे बघितलं. अक्का तिथेच उभ्या होत्या. पुढे झाल्या नाहीत. फक्त बघत होत्या. त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

ऊन उतरलं तसे आम्ही निघालो. त्या जैन घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून अक्का फाटकापर्यंत आल्या नाहीत. वाटीत दूधभात कालवून त्या कॉटशी बसल्या होत्या. म्हातारीने ओठ घट्ट मिटले होते. आमच्यासमोर भरवून घ्यायची तिला लाज वाटत होती.

आम्ही गाडीत बसलो, दारं लावली. तरी अक्कांचा तो मोठा आवाज रस्त्यापर्यंत आलाच.

"गेलं की पावणं. आता तरी आ करा, आत्ती."