एदुफुल घड्याळजींचं पोस्टर

बेन्त्सिलची आणि माझी ओळख माझ्या बेकरीतल्या रिकाम्या पोत्यांमुळे. पिठाची दोन पोती उसवून एकमेकांना शिवली, की सिनेमाचं पोस्टर रंगवायला कापड तयार. घानातल्या आमच्या सॉल्टपाँडमधले, टीव्ही-जनरेटर लावून सिनेमे दाखवणारे सगळे व्हिडिओवाले त्याच्याकडूनच पोस्टरं करून घेत. सिनेमा मात्र तो कधी बघत नसे. बघितला की हात बांधले जातात म्हणे. मालकाने दोन वाक्यांत गोष्ट सांगायची, की हा सुटलाच. एकदा एका प्रेमकथेच्या पोस्टरवर त्याने माशाच्या डोक्याचा राक्षस काढला. सिनेमा संपला तरी राक्षस येईना, तेव्हा लोकांनी मालकाला जनरेटरमागून ओढून काढलं. बेन्त्सिलने शांतपणे सांगितलं, की राक्षस दुसऱ्या भागात आहे. लोकांनी दुसऱ्या भागालाही गर्दी केली, आता बोला.

त्या वर्षी आमचे एदुफुल घड्याळजी गेले. माणूस म्हणजे पाप्याचं पितर. दारात कोंबडी आली तरी स्टुलावर पाय वर घेऊन बसायचे. मूलबाळ नाही, नातलग लांबच्या गावी. बायको अराबा मात्र अशी, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मासळीबाजार गप्प व्हायचा. अंत्यविधी शनिवारी ठरला, आणि नेमका त्याच दिवशी एका होडीमालकाच्या आईचाही, बँडबाजासकट. आमच्याकडे कुणाच्या अंत्यविधीला खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर लोक ते नातवंडांनाही ऐकवतात. अराबाने साठ खुर्च्या सांगितल्या होत्या. तिने नवऱ्याचा ओळखपत्राचा फोटो बेन्त्सिलपुढे ठेवला आणि म्हणाली, "माणसं येतील असं काहीतरी कर रे बाबा." तिचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता.

बेन्त्सिलने दोन दिवस फोटोबरहुकूम खटपट केली. चित्रातला माणूस दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा दिसे. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगात आलं. घड्याळजींना भोपळ्याएवढे दंड फुटले. एका हातात आग ओकणारं घड्याळ, दुसऱ्यात रक्ताने माखलेला चिमटा, आणि कमरेला विळखा घालून जबडा वासलेला अजगर. माझं तर डोकंच फिरलं. "अरे मेल्या, ही मयत आहे की मारामारी?"

"आंटी, माणसं घरातून निघायला नकोत का?" तो म्हणाला, आणि मोटारस्टँडवर टांगून मोकळा झाला.

शनिवारी सकाळी पोस्टर तिथून काढून मांडवात लावलं, आणि माणसं आली. साठ खुर्च्या कधीच भरल्या. काही जण घरून स्टूल घेऊन आले, दोघांनी तर मला टीव्ही कुठे ठेवलाय असं विचारलं. होडीमालकाकडचा अर्धा बँडही इकडेच वळला. सगळं सुरळीत चाललं असतं, पण मासेवाली एकुआ उभी राहिली. तिला गप्प बसवणारी एकच बाई, आणि ती त्या दिवशी विधवा म्हणून खाली मान घालून बसलेली.

"अराबा, वाईट वाटून घेऊ नकोस," एकुआ म्हणाली, "पण हा माणूस कोंबडीला घाबरायचा. अजगराशी लढला तरी कधी?"

बेन्त्सिल माझ्या पाठीमागे सरकला. मला वाटलं, संपलं, आता सगळे हसतील आणि उठून जातील.

अराबाने मान वर केली. "पस्तीस वर्षं रोज," ती म्हणाली. "तो अजगर मी. आणि एकदाही उलटून बोलला नाही. तुमच्यातल्या कुणाचा नवरा एवढा टिकला असता?"

मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली, आणि सगळा मांडव हसत सुटला. पुरुष एकेक करून चित्रापुढे जाऊन वाकून आले, काही तर बायकोकडे बघत बघत. एकुआ दोनदा जाऊन आली. उठून कुणीच गेलं नाही, मासे आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी पुरवता पुरवता माझी कंबर मोडली.

सगळे पांगल्यावर बेन्त्सिल पोस्टर उतरवायला गेला. अराबाने त्याला थांबवलं आणि मांडवातल्या सांडलवंडीकडे बघत राहिली.

"एवढी माणसं बघून तो मागच्या दाराने पळाला असता," ती म्हणाली, आणि मग त्या दिवसात पहिल्यांदा रडली.