सारंगीशिवाय वाजलेलं ध्रुपद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. १९६१, दिवाळीनंतरचा शनिवार, यवतमाळला एका वकिलांचा दिवाणखाना. बिदागी चाळीस रुपये. हजर — वकीलसाहेब, त्यांच्या घरच्या बायका, वीसेक पाहुणे, तिथलाच पखवाजवाला, पेटीवाला, आणि व्हायोलिन घेतलेला मी.

रहीमभाई नव्हते.

रहीमभाई दारव्ह्याचे सारंगीवाले. मी तिथल्याच एका कापसाच्या जिनात हिशेबनीस. आम्ही दोघांनी वर्षभर बसून चार वाद्यांची एक रचना बांधली होती. त्यांच्या घरात तीन-चारशे वर्षं चालत आलेलं एक ध्रुपद — ते सारंगीवर. आणि मधूनमधून माझं व्हायोलिन, आजच्या माणसाचं — दिवसभर आकडे मांडून घरी आलेल्या, कुणाशी न बोलणाऱ्या माणसाचं. जुन्यानं विचारायचं, नव्यानं अडखळत उत्तर द्यायचं. रहीमभाई हसून म्हणत, "भाऊ, माह्या आज्याच्या घराले तुमी खिडकी फोडली. पन हवा मस्त येऊन राह्यली!"

आठ दिवस आधी वकीलसाहेब मला म्हणाले, "सारंगी कोठ्यावर वाजते. आमच्या बायका ऐकायला बसणार. ते तेवढं वगळा."

मी काय म्हणायला हवं होतं? सारंगी काढली तर त्या रचनेत उरतं काय? हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी म्हणालो, "बरं."

आणि दारव्ह्याला परतून रहीमभाईंना सांगितलं — बैठक रद्द झाली, वकिलांकडे सुतक आहे.

"कोन गेलं?"

मी म्हणालो — काकू. तशी कुणी काकू नव्हतीच.

"बिचारी," ते म्हणाले. सारंगीला नव्या तारा चढवल्या होत्या. त्या माझ्यासमोरच सैल केल्या.

शनिवारी त्यांचं ध्रुपद मी व्हायोलिनवर वाजवलं. प्रश्न मीच, उत्तरही मीच. लोकांनी वाहवा केली. वाजवताना मला काही वाटलं का? — नाही. मी मात्रा मोजत होतो. बंदिश कुणाची, असं वकीलसाहेबांनी विचारलं. जुनीच आहे, एवढं बोललो.

पखवाजवाल्याला दहा दिले, पेटीवाल्याला दहा. वीस मी ठेवले.

सोमवारी रहीमभाई जिनात आले. पखवाजवाल्याच्या त्या दहांपैकी चार रुपये मी आधीच पदरचे बयाणा म्हणून दिले होते; बयाण्याचं त्यांना ठाऊक होतं. बैठक रद्द, म्हणजे तो बुडालाच, असं त्यांनी धरलं.

"एकट्यानं काहून सोसता, भाऊ? रचना दोघाईची हाये, त नुकसानबी दोघाईचं." त्यांनी दोन रुपये माझ्या मेजावर ठेवले.

मी ते घेतले.