पाठीवरचा हात

माझ्या थोरल्या बहिणीबद्दल, डेल्फाबद्दल, लोक काहीबाही सांगतात. म्हणे ती डोळे मिटून नेम धरते, म्हणे तिला हरणांचं बोलणं कळतं. सगळ्या थापा. आमचे दोघींचे नवरे गेल्यापासून आम्ही एका घरात राहतो. हरणांचं कळत असतं तर माझंही थोडं कळलं असतं तिला. मी चार वेळा सांगितलेलं एक तिच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

डेल्फाने जन्मभर शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केला. टर्की लिक ओढ्याच्या या खोऱ्यात असं एक माणूस सापडायचं नाही, ज्याने लहानपणी तिच्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव खाल्ला नाही. हल्ली मात्र लोक तिच्याकडे जेवायला येत नाहीत. बंदुकीने दचकणारी पोरं घेऊन येतात.

ही दचक मोठी वाईट खोड. चाप ओढायच्या आधीच अंगाला धक्क्याची भीती बसते. डोळे मिटतात, खांदा पुढे जातो, नळी खाली जाते आणि गोळी भलतीकडे. ज्याचा त्याला मात्र पत्ता नसतो. विचारलं तर म्हणतो, बंदुकीवरची दुर्बीण वाकडी बसवलीय. डेल्फा स्वतः नवी नवरी असताना अशीच दचकायची. दीर हसायचे, त्यावर तिने स्वतःच औषध शोधलं. वाजून गेलेल्या काडतुसात दारू न भरता वर नुसती गोळी बसवायची. बाहेरून खरं कुठलं आणि खोटं कुठलं, सांगता येत नाही. दोन्ही मिसळून एकेक द्यायचं. खोटं निघालं की नुसतं टक् होतं, धक्का बसत नाही, पण दचकणाऱ्याची नळी तरीही मान टाकते. स्वतःच्या डोळ्यांनी एकदा ते पाहिलं की माणूस दुर्बिणीला दोष द्यायचा थांबतो. मग हळूहळू अंगालाच कंटाळा येतो घाबरण्याचा.

मी स्वतः बंदुकीला हात लावत नाही. मला तो आवाजच सोसत नाही. पण इतकी वर्षं या घरात राहून हे सगळं कानावर पडतंच.

त्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली तेव्हा आमचा भाचा डॉर्सी त्याच्या पोरीला घेऊन आला. डॉर्सी म्हणजे आमच्या भावाचा, क्लीटचा मुलगा. लाकडाच्या गिरणीत करवतीने त्याचा उजवा हात कोपरापासून नेला. तेव्हापासून त्याला रायफल खांद्याला लावता येत नाही. आणि त्या घरात हिवाळ्याचं मांस म्हणजे हरीणच, दुसरं काही नाही. बायको वृद्धाश्रमात कामाला जाते, त्या पगारात घर चालतं, पण मांसाचा फ्रीजर भरत नाही. शेजारी द्यायला तयार होते. डॉर्सी घेणारा नव्हता. परक्याने मारलेलं हरीण आपल्या घरात शिजायचं नाही, असा त्याचा बाणा. आमच्या भावाचाच मुलगा तो, वेगळा कसा निघेल?

म्हणून सगळी मदार चौदा वर्षांच्या लॉर्नावर. आदल्या वर्षी तिने एका मादीवर बार टाकला. गोळी लागली पोटात. बापलेक संध्याकाळपर्यंत रक्ताच्या खुणा शोधत ओढ्यापर्यंत गेले, पुढे खुणा हरवल्या. हरीण सापडलं नाही. लॉर्ना कितीतरी दिवस नीट जेवत नव्हती.

आमच्या पायरीवर उभी राहून ती डेल्फाला म्हणाली, "आजी, एकदा बघ मला. पुन्हा तसं झालं ना, तर मी रायफल कायमची ठेवून देणार. आधीच सांगते."

"आधी आत ये," डेल्फा म्हणाली. "दारात उभं राहून शपथा घेऊ नकोस. गार वारा येतोय."

डेल्फाने रायफल बघितली. क्लीटचीच जुनी होती, दस्त्याला लोखंडी पट्टी. तिने दस्त्यावर रबर चढवलं, पोरीच्या कानांना जाड झाकणं घातली आणि चर्चनंतर दर रविवारी आमच्या कुरणात दोघींचं सुरू झालं. उतारावर मातीचा उंच बांध आहे, त्याला कागदी थाळी खिळवायची आणि गवतात बसून मारायचं. पहिल्या दिवशी खोट्या काडतुसाला नळी अशी खाली गेली की लॉर्ना स्वतःच हसली.

"मी अशी करते?"

"तू अशी करतेस," डेल्फा म्हणाली. "परत."

पोरगी हुशार. दोन-तीन रविवारांत नळी शांत झाली. थाळीच्या मधोमध भोकं पडायला लागली. डेल्फाने डॉर्सीला निरोप धाडला, ये आणि बघ.

तो आला आणि सगळं मुसळ केरात.

आमच्याकडे एक रीत आहे. पोराचं पहिलं हरीण पडेपर्यंत बाप त्याच्या मागे बसतो आणि पाठीवर हात ठेवतो. हात ठेवला की पोर स्थिर होतं म्हणतात. डॉर्सी आपला उरलेला डावा हात लॉर्नाच्या पाठीवर ठेवून बसला, आणि तिची गोळी थाळी सोडून मातीत. दुसरी गेली त्याहून खाली. डॉर्सी एक शब्द रागाने बोलला नाही. तो कधीच रागावत नाही पोरीवर. "होतं असं, बाळा," एवढंच म्हणाला. लॉर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं.

पुढच्या रविवारी डेल्फाने जागा बदलली. एरवी ती शिकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत बसते. त्या दिवशी बाजूला बादली उपडी घालून तिच्यावर बसली आणि फक्त डॉर्सीच्या हाताकडे बघत राहिली. काडतूस खरं की खोटं ते डॉर्सीच्या कानात सांगायची, मग लॉर्नाला द्यायची. खोटं असलं की डॉर्सीचा हात सैल, पोरगी शांत. खरं असलं की चाप ओढायच्या ऐन वेळी त्याची बोटं आवळायची, तिच्या शर्टाला चुण्या पडायच्या, आणि पोरगी दचकायची.

मग आमच्या बाईसाहेबांनी लबाडी केली. खोटं काडतूस खरं म्हणून सांगितलं. बोटं आवळली, टक् झालं, नळी खाली. नंतर खरं काडतूस खोटं म्हणून सांगितलं. डॉर्सी निवांत बसला. बार झाला आणि थाळीच्या बरोब्बर मध्ये भोक.

"बास आजच्यापुरतं," डेल्फा म्हणाली आणि बादली उचलून घरी आली. लॉर्नाला तिने कोंबड्यांना दाणे टाकायला पाठवलं. मी ॲपल पायचा तुकडा कापून डॉर्सीपुढे ठेवला होता. त्याने काटा उचलायच्या आतच डेल्फाने तोंड उघडलं.

"डॉर्सी, पोरगी दचकत नाही. तू दचकतोस. ती तुझं ऐकते, पाठीतून."

डॉर्सीने आधी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही वेगळं सांगेन. "म्हणजे?"

"म्हणजे तुझा हात. बार होणार कळलं की आवळतो. तिला तो आधी कळतो, मग चाप. तू नसलास की ती छान मारते. मी तपासून बघितलंय."

"आत्या, माझ्या पाठीवर बाबांचा हात होता. बाबांच्या पाठीवर आजोबांचा."

"क्लीट तुझ्या मागे बसून झोपायचा मेला," मी म्हटलं. मला राहवलं नाही. "त्याचा हात तुझ्या पाठीवर नुसता लोंबकळत असायचा. म्हणून तू नीट मारायचास."

कोणी हसलं नाही. डॉर्सी ताटलीकडे बघत होता.

"मुद्दाम करत नाही मी," तो म्हणाला.

"माहितीय," डेल्फा म्हणाली. "मुद्दाम करत असतास तर थांबवता आलं असतं."

"मग मी सैल ठेवतो. शिकेन मी पण. पोरांना शिकवतेस तसं शिकव मला."

"शिकारीचा सीझन तोंडावर आलाय. तिला शिकवू की तुला? आणि परत एखादं हरीण पोटात गोळी घेऊन ओढ्यापलीकडे गेलं तर ती रायफल खाली ठेवेल. ती तशी बोलली आहे आणि ती बोलते तसं करते. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर मी जाते. तू येऊ नकोस."

"मला आता एकच हात आहे, आत्या," तो म्हणाला. "तोही नको म्हणतेस."

"तिच्या पाठीवर नको."

तो उठला. तुकड्याला हातही न लावता दार ओढून गेला आणि बाहेर पोरीला हाक मारली. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तशी मी डेल्फावर उखडले. "तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही? सरळ तोंडावर फेकतेस? त्याच्याकडे उरलंय काय दुसरं, त्या पोरीमागे बसण्याशिवाय?"

"तुझ्यासारखं गोल गोल सांगितलं असतं तर तो तुकडा खाऊन गेला असता," ती म्हणाली, "आणि सीझनला तिच्यामागे बसला असता." आणि त्याची ताटली पुढे ओढून तिने तो तुकडा स्वतः खाल्ला. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. तिचं खरं होतं, म्हणून तर जास्तच आला.

त्यानंतर ते आले नाहीत. लॉर्नाचा सराव थांबला. डेल्फा रविवारी बादली घेऊन कुरणात जायची, थोडा वेळ बसायची आणि परत यायची. तिला लागलं होतं. घेवड्यात दोनदा मीठ पडलं, आणि तिच्या हातून मीठ चुकणं म्हणजे काय ते शाळेत जेवलेल्यांना विचारा.

थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यात हरणांचा सीझन लागतो आणि आमच्याकडे शाळाच बंद ठेवतात. उघडी ठेवून बसणार कोण? पहिल्या दिवशी तांबडं फुटायच्या आधी अंगणात डॉर्सीची गाडी थांबली. लॉर्ना केशरी जाकीट घालून उतरली, मागून तो रायफल घेऊन.

"डॅडीचा गुडघा धरलाय," लॉर्ना म्हणाली. "तू येशील का माझ्याबरोबर, आजी?"

डॉर्सीच्या गुडघ्याला काहीएक झालेलं नव्हतं. डेल्फाने त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. "घेऊन जा तिला, आत्या," म्हणाला.

डेल्फाचे बूट दाराशी तयारच होते. दोघी टेकडीकडे गेल्या आणि डॉर्सी माझ्या स्वयंपाकघरात राहिला.

आता या माणसाचं मी काय करू? कॉफी दिली. ती गार झाली. शेवटी सफरचंदांची टोपली पुढे ठेवली आणि म्हटलं, नासकी वेगळी काढ. उजाडलं तसे चारी बाजूंनी बार वाजायला लागले. पहिल्या सकाळी सगळं खोरंच दणाणतं, कुठला कुणाचा कळत नाही. पण प्रत्येक बाराला डॉर्सीची बोटं हातातल्या सफरचंदावर आवळायची. माझी चांगली सफरचंदं दाबून मऊ केली त्याने.

"अरे ठेव ते खाली," मी म्हटलं. "नासकी काढायला सांगितलीत, नवी करायला नाही."

त्याने ठेवलं. मग टेबलाची कड धरून बसला.

एक बार जवळून आला, आमच्याच टेकडीवरून. आम्ही दोघं दुसऱ्या बाराची वाट पाहत होतो, कारण दुसरा आला म्हणजे पहिला नीट लागला नाही. दुसरा आला नाही. ते बरं की वाईट, तेही कळेना. हरीण सुटलंही असेल. डॉर्सी उठून खिडकीशी गेला, परत बसला, परत उठला. मला त्याची दया आली. डेल्फाने जे केलं ते बरोबर होतं, पण ती तिकडे टेकडीवर बसली होती. हे बघायला मी होते.

कुरणातून लॉर्ना एकटी येताना दिसली. पळत नव्हती. दारात आली तेव्हा कोपरापर्यंत रक्त होतं आणि चेहरा लाल झाला होता.

"नर आहे. दोन शिंगांचा," ती म्हणाली. "जागेवरच पडला, डॅडी. पाऊलसुद्धा टाकलं नाही त्याने. आजी तिथेच आहे, दोर आणायला सांगितलाय."

डॉर्सी दाराशी आला. "दचकलीस का?"

"नाही."

"आजीने हात ठेवला होता पाठीवर?"

"छे. ती लांब बसली होती, वरच्या मोठ्या झाडाखाली." लॉर्नाने बाही वर सारली. पोरगी खूश होती, मनात काही ठेवून बोलत नव्हती. "पाठ एकदम मोकळी होती. कधीच इतकं मोकळं वाटलं नव्हतं मला. आणि नेम धरला तेव्हा काहीच मनात आलं नाही. तूसुद्धा नाही."

मी चुलीकडे तोंड फिरवलं. त्याला लागलं ते मला बघायचं नव्हतं. पण त्याचा आवाज आला तो बरा होता.

"मग चांगलं झालं," तो म्हणाला. "फार चांगलं झालं, लॉर्ना."

त्याने खुंटीवरचा दोर काढून खांद्यावर टाकला. दोघं दारातून बाहेर पडले, ती पुढे, तो मागे. तिच्या पाठीला वाळलेलं गवत चिकटलं होतं. डॉर्सीचा हात पुढे गेला, आणि तिथेच थांबला. त्याने तो मागे घेतला.

"तुझ्या पाठीला गवत लागलंय," तो म्हणाला.

"मग झटक ना," लॉर्ना म्हणाली, मागे न बघता.

त्याने झटकलं. मग दोघं टेकडीकडे चालायला लागले, कारण डेल्फा वर थंडीत थांबली होती आणि तिला थांबायला आवडत नाही.