कापण्याआधी विचारायचं

गल्लीत त्यांना सगळे लाइनमनकाका म्हणतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, त्यांनी ओढलेल्या तारा खांबांसकट भंगारात गेल्या, पण नाव काही गेलं नाही. सदतीस वर्षं खांबांवर चढलेल्या माणसाला जमिनीवर स्वस्थ बसणं जमत नाही. पंखा करकरला की काका स्टुलावर, नळ गळला की काका ओट्याखाली. "रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी," असं काकू म्हणतात, आणि म्हणता म्हणता पाना स्वतःच आणून देतात.

काकांचे दोन नियम होते. पहिला, सुटी तार लोंबकळत ठेवायची नाही, जोडून टाकायची. दुसरा, कुठलीही तार कापण्याआधी पिशवीतला चाचणीचा फोन चिमट्यानं तिला जोडायचा आणि तीनदा विचारायचं, "बोला, कोण?" हा दुसरा नियम खात्यानं शिकवलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेब खालून म्हणाले, "ती बंद लाइन आहे, काप," आणि काकांनी कापली. ती दवाखान्याची निघाली. एका बाईचा नवरा डॉक्टरांना बोलवायला सायकलवरून दोन तास गेला. बाई वाचली, पण तो सायकलवाला काकांच्या मनातून कधी उतरला नाही.

आता सूनबाईबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट तिच्या लॅपटॉपची आहे. ती कपड्यांचे नमुने काढते, म्हणजे शिवायच्या कपड्याचा प्रत्येक तुकडा कॉम्प्युटरवर मापात आखून शिंप्यांना पाठवते. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. जायला दोन बस, यायला दोन बस, मधले दहा तास उभ्यानं. चार महिन्यांपूर्वी धीर करून नोकरी सोडली आणि खिडकीजवळ टेबल टाकून स्वतःचं काम सुरू केलं. नवरा कामानिमित्त परगावी. त्यानं फोनवर "कर" एवढंच म्हटलं, पण मनापासून म्हटलं. आता पहिलं मोठं काम आलं होतं. एका इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाचे नमुने, नऊ मापांत, बुधवारी पोचायलाच हवेत. कारखान्याच्या मुकादमानं सांगून ठेवलं होतं, "जमलं नाही तर ये परत, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवतो." चांगल्या मनानं सांगितलं होतं, पण तिला ते रोज टोचायचं.

आणि नेमका लॅपटॉप म्हातारा झाला. जुन्या सिस्टीमला अपडेट येणं बंद झालेलं, गळ्याची रेघ ओढायला घेतली की पडदा गोठायचा. आठवड्यात दोनदा सकाळभराचं काम वाया गेलं. शेवटी तिनंच शोधून काढलं की लिनक्स नावाची फुकट सिस्टीम जुन्या यंत्रावर हलकी चालते आणि तिचा नमुन्यांचा प्रोग्रॅमही तिच्यावर चालतो. तिनं त्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार केला आणि चालू काम एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवलं. त्याच डिस्कवर तिचे दोन वर्षांचे मूळ नमुनेही होते. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती म्हणून तिकडे हलवलेले, दुसरी प्रत कुठेच नाही.

रविवारी सकाळी तिला कापड बघायला जायचं होतं. काका म्हणाले, "तू जाऊन ये. मी सुरुवात करून ठेवतो. लिहिलेलं वाचत पुढे जायचं, एवढंच ना?"

ती जरा घुटमळली. मागच्या वर्षी काकांनी टीव्ही दुरुस्त केला होता, तेव्हापासून तो कपाटावर आहे. पण सासऱ्याला नाही म्हणवेना. "ठीक आहे, बाबा," म्हणाली आणि गेली.

काकांनी पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप सुरू केला. नवी सिस्टीम छान उघडली, भाषा विचारली, वेळ विचारली, आणि कुठे बसू असं विचारायच्या ठिकाणी आल्यावर म्हणाली की बसायला जागाच नाही. एकही डिस्क सापडत नाही. काकांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "काका, दिसत नाही म्हणजे गेली. नवी टाका."

काकांना कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. त्यांनी चाळीस वर्षांचा स्क्रूड्रायव्हर काढला, मागचं झाकण उघडलं, बोटाएवढी डिस्क हलक्या हातानं काढली, खोडरबरानं तिचे पितळी दात पुसले आणि पुन्हा बसवली. झाकण लावताना त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे ती बाहेरची डिस्क पडली होती, तिची वायर टेबलाखाली लोंबकळत. सदतीस वर्षांच्या हाताला ते कसं बघवणार? उचलली आणि दिली लॅपटॉपला जोडून.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. या वेळी डिस्क दिसली. एकच, पण दिसली. काकांनी काकूंना हाक मारली, "बघ, खोडरबरानं काम केलं. म्हणे नवी टाका." काकू हात पुसत आल्या. पडद्यावर लिहिलं होतं, ही डिस्क पूर्ण पुसून नवी सिस्टीम बसवायची का? खाली 'हो'चं बटण. काकांचं बोट त्यावर गेलं.

आणि थांबलं. सवय, दुसरं काय. पुसणं म्हणजे कापणंच.

"बोला, कोण?" काका पडद्याला म्हणाले.

"आता यंत्राशी बोला," काकू म्हणाल्या.

पण काका वाचत होते. डिस्कच्या नावापुढे आकार लिहिला होता, एक हजार जीबी. लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर मघाशीच वाचलं होतं, दोनशे छप्पन. काकांची नजर वायरीवरून सरकत सरकत त्या बाहेरच्या डिस्कपर्यंत गेली. सुनेची दोन वर्षं आणि बुधवार, दोन्ही त्यांच्या एका बोटाखाली होतं. त्यांनी वायर काढली, डिस्क मांडीवर घेतली आणि तसेच बसून राहिले. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

सून आली तेव्हा काका जागचे हलले नव्हते. गप्प बसता आलं असतं. झालं काहीच नव्हतं आणि काकूंना त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. पण साहेबाच्या सांगण्यावर तार कापली तेव्हा साहेब गप्प बसला होता, हेही काका विसरले नव्हते.

"पोरी, मी आत्ता तुझं सगळं पुसत होतो," ते म्हणाले, आणि घडलं तसं सांगितलं. वायर का जोडली तेसुद्धा.

तिचा चेहरा उतरला. तिनं त्यांच्या मांडीवरची डिस्क घेतली आणि आत निघून गेली. कपाटाची किल्ली फिरल्याचा आवाज आला. काकांना वाटलं, संपलं, आता या घरात आपल्याला बल्बसुद्धा बदलू देणार नाहीत. आणि तेच बरोबर आहे.

ती परत आली, खुर्ची ओढून बसली. "मग लॅपटॉपची डिस्क खरंच गेली का, बाबा?"

काकांनी वर बघितलं. "पेनड्राइव्ह काढून चालू कर."

जुनी सिस्टीम रडतखडत उघडली.

"ती याच डिस्कवरून उघडते ना?" काका म्हणाले. "डायल टोन येतोय म्हणजे तार शाबूत आहे. मेलेली नाही, लपलेली आहे. आपण काखेत कळसा आणि गावाला वळसा घालतोय."

मग दोघं शोधायला लागली. ती मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं वाचायची, काका ऐकायचे. एका ठिकाणी सापडलं की काही लॅपटॉपांत डिस्क थेट जोडलेली नसते, कारखान्यातूनच मध्ये एक मध्यस्थ बसवलेला असतो. जुनी सिस्टीम त्याला ओळखते, नवी ओळखत नाही.

"अगं, हे तर मोठ्या कचेऱ्यांसारखं," काका म्हणाले. "आत पाच लाइनी, बाहेर नंबर एकच. ज्याला ते माहीत नाही त्याला आतली लाइन दिसायचीच नाही."

लॅपटॉप सुरू होताना एफ-टू दाबलं की आतल्या सेटिंगची पाटी येते. तिथे 'स्टोरेज'मध्ये 'रेड', म्हणजे तोच मध्यस्थ, निवडलेलं होतं, त्याखाली 'ए-एच-सी-आय', म्हणजे थेट जोडणी. इशाराही होता की हे बदललं तर जुनी सिस्टीम बहुधा उघडणार नाही. तिनं काकांकडे पाहिलं. "लॅपटॉपमधलं सगळं उतरवून घेतलंय मी. शिवाय ती बाहेरची डिस्क कपाटात आहे." आणि बदललं.

नवी सिस्टीम पुन्हा उघडली. भाषा, वेळ, आणि मग डिस्क. एकच.

काकांनी हात मागे घेतला. "तू कर."

"आधी विचारा," ती म्हणाली.

काकांना हसू आलं. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "बोला, कोण?"

"दोनशे छप्पन," तिनं वाचलं.

असं तीनदा झालं. दारात उभ्या काकू कपाळाला हात लावून हसत होत्या. मग सुनेनं बटण दाबलं.

दुपारपर्यंत सगळं बसलं. प्रोग्रॅम उघडला, गळ्याची रेघ तिनं एका दमात ओढली आणि पडदा गोठला नाही. संध्याकाळी मूळ नमुन्यांची दुसरी प्रत आता रिकाम्या झालेल्या लॅपटॉपमध्ये उतरवली. मंगळवारी संध्याकाळीच नऊ मापं पाठवली, आणि बुधवारी सकाळी इस्पितळाचा निरोप आला की मिळाली, आवडली, आता लहान मुलांच्या विभागाच्या कपड्यांचेही नमुने करणार का? तिनं मुकादमाला फोन करून आभार मानले आणि सांगितलं, जागा दुसऱ्या कुणाला द्या.

फोन ठेवून ती कपाटाकडे गेली. काका खिडकीशी पेपर वाचत होते. तिनं ती डिस्क त्यांच्या हातात ठेवली.

"ही आजपासून तुमच्याकडे, बाबा."

"माझ्याकडे? मी तर पुसायला निघालो होतो."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तुम्ही आपणहून सांगितलंत. मला कधी कळलंही नसतं."

 काकांनी कॉटखालून अवजारांची जुनी पिशवी ओढली, डिस्कची वायर नीट गुंडाळली आणि ती चाचणीच्या फोनशेजारी ठेवली.