इंग्लिश ओन्ली, काका

डाव चालू असताना टेबलावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही, हा आमच्या कॅलिफोर्नियातल्या कसिनोचा नियम आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो अपमानच वाटला होता. मग कारण कळलं. दोघांनी आपापल्या भाषेत पत्ते सांगितले तर तिसरा लुटला जातो. नियम पाळला जातोय ना, हे डीलरने बघायचं. डीलर म्हणजे पत्ते वाटणारी, म्हणजे मी.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा इंडियन ग्रोसरीचा ट्रक चालवतात, आई डबे करते. फी मी वीकेंडला पत्ते वाटून भरते. या कामाला परवाना लागतो. लबाडी दिसूनही डीलर गप्प बसली तर परवाना जातो, आणि माझं तर त्याच्यामागे कॉलेजही गेलं असतं.

त्या रविवारी दुपारी मोठ्या रकमेच्या पोकरच्या टेबलावर काका येऊन बसले. पैसेवाल्यांच्या क्युपर्टिनोत राहतात, मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेत. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मला बाराखडी त्यांनीच शिकवली. "घरी इंग्लिश बोललीस तर मला स्वप्नात कळतं हं!" असं दटावायचे. ते ओळखीचे आहेत हे मी आधीच सुपरवायझरला सांगितलं. ती म्हणाली, नियम सगळ्यांना सारखे.

काकांबरोबर त्यांचे एक मित्र होते. दोघांच्या मधल्या खुर्चीत एक गॅरेजवाला, टोपी घातलेला, कमी बोलणारा. या टेबलावरच्या चिप्सकडे, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांकडे, मी पैसे म्हणून बघतच नाही. बघितलं तर पत्ते वाटताना चुकते.

"चहा मागवू का रे?" काकांनी डाव चालू असताना मित्राला विचारलं.

"इंग्लिश ओन्ली, प्लीज," मी म्हणाले.

काका हसले. "अगं, मलाच शिकवतेस?" आणि मित्राला म्हणाले, "आपलीच पोरगी आहे."

पुढच्या एका डावात हे तिघेच उरले. गॅरेजवाल्याने बरेच चिप्स पुढे सरकवले. काकांनी, भाजीचा भाव विचारावा अशा आवाजात, म्हटलं, "माझ्याकडे राजांची जोडी आहे, टेबलावर तिसरा राजा उघडा पडलाय. तू पैज वाढवत राहा. मधला सुटायला नको."

"आणि ही?"

"ही कशाला बोलतेय! आईचे डबे माझ्या ओळखीवर चालतात. आणि कॅमेऱ्याला मराठी येत नाही."

माझे कान तापले. मी घाबरेन असं त्यांनी गृहीत धरलं होतं. आणि मी घाबरलेही होते. त्याचाच राग जास्त आला.

मी पत्ते खाली ठेवले. "फ्लोअर!" मी सुपरवायझरला चिरक्या आवाजात हाक मारली. सुपरवायझर आली. मी सांगितलं, हे दोघं मराठीत पत्ते सांगताहेत.

काका तिच्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "गैरसमज झालाय. हिचं मराठी जरा कच्चं आहे."

कच्चं! 'ळ' काढताना माझा हात धरून ज्यांनी गिरवून घेतलं, ते हे म्हणत होते. मी त्यांचं प्रत्येक वाक्य सुपरवायझरला इंग्रजीत सांगितलं. आईच्या डब्यांचंही. तिने काकांचे पत्ते उलटवले. दोन राजे.

डाव रद्द झाला, ज्याचे चिप्स त्याला परत मिळाले. त्या दोघांना बाहेर काढलं. जाताना काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गॅरेजवाल्याने मला विचारलं, "कुठली भाषा होती ती?"

हा प्रश्न मला लहानपणापासून आवडायचा. शाळेत कोणी विचारलं की मी फुशारकीने सांगायचे. त्या दुपारी मला "मराठी" म्हणायची लाज वाटली, आणि यासाठी मी काकांना अजून माफ केलेलं नाही.

परवाना राहिला, कॉलेज चालू आहे. आईचे काही डबे मात्र बंद झाले. आई म्हणाली, "बरं झालं, घासायला भांडी कमी."

मंडळाच्या हळदीकुंकवाला काकूंना सोडायला आलेले काका दारातच भेटले. "हाय! हाऊ इज स्कूल?"

"छान चाललंय, काका," मी म्हणाले. "तुम्ही कसे आहात?"

"गुड, गुड," म्हणत ते चपला शोधू लागले. मी तिथेच उभी राहिले, मराठीत उत्तर येतं का बघत.