मनोरमाबाईंची चौकट

मनोरमाबाई कशाकशाला घाबरतात त्याची यादी करायला घेतली तर माझ्या दुकानातला कागद संपेल. गॅसच्या सिलिंडरला, लिफ्टला, कुत्र्याला, स्कूटरवर मागे बसायला, उघड्या खिडकीला आणि बंद खिडकीलाही. सोसायटीची सहल कळंबच्या किनाऱ्यावर गेली तेव्हा बाई पाण्यापासून इतक्या लांब बसल्या की त्यांना समुद्र दिसतोय की नाही अशी आम्हाला शंका आली. मी त्यांना तोंडावर चिडवायचो, "बाई, भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" त्या म्हणायच्या, "असू दे रे. पाठीशी कुणीतरी आहे ना."

माझं आचोळ्यात झेरॉक्सचं दुकान आहे आणि बाई समोरच्या इमारतीत एकट्या राहतात. वय एकाहत्तर. मूळच्या गास गावच्या, केळीची आणि पानवेलींची वाडी असलेल्या घरातल्या. तिकडच्याच एका शाळेत त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली. मीही त्याच शाळेत शिकलो. त्या शिक्षिका कधीच नव्हत्या, पण आम्ही सगळी मुलं त्यांना बाईच म्हणायचो. उजव्या मनगटावर त्यांना एक पांढुरका, सुरकुतलेला डाग आहे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आम्ल उडालं होतं. चेहरा थोडा जवळ असता तर डोळा गेला असता, एवढंच त्या सांगतात आणि बाही खाली ओढतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाईंनी ताक प्यायचंच सोडलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नोट्स लिहायला घेतल्या. आठवी, नववी, दहावी. इतिहास, विज्ञान, चित्रकला, संगणक, सगळंच. पुस्तकात जे तीन पानांत असतं ते बाई एका फुलस्केप पानात बसवायच्या, निळ्या शाईनं, टपोऱ्या अक्षरात, शेजारी आकृती. त्यातून माझ्याकडे प्रती निघायच्या आणि आचोळ्यातली निम्मी मुलं त्यावर पास व्हायची. त्यांची एक पद्धत होती. आधी चूक काढून दाखवायची, मग ती का चूक ते सांगायचं. आणि प्रत्येक पानाच्या अगदी तळाला लाल रेघांची एक चौकट. तिच्यात बाईंची भीती. वसईच्या किल्ल्याच्या पानाखाली, "बुरुजाच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नये." रंगांच्या पानाखाली, "ब्रशचं टोक तोंडात धरू नये, रंग पोटात जातो." संगणकाच्या पानाखाली, "ओटीपी मैत्रिणीलाही सांगू नये." मी ती चौकट गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो.

गेल्या गणपतीनंतर माझ्या मशीनमध्ये फुलस्केपचा लांब कागद अडकायला लागला. साध्या ए-फोरवर पान छोटं करून काढता आलं असतं, पण बाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, "अक्षर बारीक करू नकोस, मुलांचे डोळे जातील." मग मी सोपा मार्ग काढला. पान आहे त्याच मापात ए-फोरवर काढायचं. तळाची दोन बोटं जागा कापली जायची. जाऊ दे, म्हटलं. तिथं काय असतं, बाईंची भीतीच तर असते. तेव्हापासून मी चौकट वाचायचीही सोडली.

हे चार महिने चाललं. मुलांनी तक्रार केली नाही, आणि बाईंना मी छापील प्रत कधी दाखवली नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी बाई काखेत कायमची छत्री आणि हातात नवी पानं घेऊन दुकानात आल्या. काउंटरवर नववीच्या विज्ञानाच्या दोन-तीन उरलेल्या प्रती पडल्या होत्या. त्यांनी सहज एक उचलली, चष्मा वर केला आणि बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. पानावर एका काचपात्रात तीव्र आम्ल आणि वरून ओतलं जाणारं पाणी अशी आकृती होती. शेजारी लिहिलं होतं, "तीव्र आम्लात पाणी ओतल्यास प्रचंड उष्णता बाहेर पडते." त्याखाली काहीच नव्हतं.

"यतीन," त्या म्हणाल्या, "ह्याच्याखाली मी चौकट केली नव्हती?"

मी उरलेल्या प्रती गोळा करायला लागलो.

"असं कधीही करू नये, हे मी लिहिलंच नाही? पाणी एकदम उकळतं, आम्ल तोंडावर उडतं. नेहमी पाण्यात आम्ल घालायचं, थेंब थेंब, ढवळत. हे मी लिहिलं नाही?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मूळ पान दाखव बरं."

मूळ पानांची फाईल माझ्या हाताशीच होती. मी म्हणालो, "घरी राहिली, बाई."

त्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या. "माझ्या आईचं असंच झालं होतं रे. आधी मीठ घालायला विसरायची. मग माणसं विसरली. मला ओळखलं नाही शेवटी." त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही. माझी लाज वाटते मला.

मग बाईंनीच विचारलं, "पूर्वीकडे आहे का हे पान?"

पूर्वी माझी मुलगी. नववीत, बाईंच्याच जुन्या शाळेत. आणि त्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. तिचा आणि कल्पेश नावाच्या तिच्या वर्गमित्राचा प्रयोग होता. आठवडाभर ती मला सांगत होती, बाबा, आम्ही आम्ल आणि पाण्याची उष्णता थर्मामीटर लावून दाखवणार आहोत, सगळं आजींच्या नोट्समधून घेतलंय. मी मान डोलावत प्रती मोजत होतो. आता ते आठवलं आणि मी बाईंना एका दमात सांगितलं, पूर्वी, कल्पेश, प्रयोग, सगळं.

शाळेला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. वर्गशिक्षिकेचा नंबर राधिकाकडे, माझ्या बायकोकडे, आणि ती ऑफिसात, फोन उचलत नव्हती. प्रदर्शन अकराला होतं. साडेदहा वाजून गेले होते. मी शटर अर्धं ओढलं, फाईल बाईंना दिसू नये म्हणून स्कूटरच्या डिकीत कोंबली आणि किल्ली फिरवली. मागे वजन पडलं. वळून बघतो तर बाई! जन्मात कधी दुचाकीवर न बसलेल्या, दोन्ही हातांनी माझा शर्ट घट्ट धरून, डोळे मिटून. "चल," म्हणाल्या.

आचोळ्यातून गासला जायचं म्हणजे रेल्वेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे पूल. पुलावर एक टेम्पो आडवा झालेला आणि मागे गाड्यांची रांग. मी हॉर्न वाजवत होतो. डोळ्यांसमोर पूर्वीचा चेहरा येत होता आणि मी तो हाकलत होतो, कारण पुढचं दिसायला लागायचं. बाई खाली उतरल्या. छत्री उंच धरून गाड्यांच्या मधून चालत सुटल्या आणि ज्याच्या त्याच्या बोनेटवर छत्री आपटत ओरडू लागल्या, "सरका! पोरीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, सरका म्हणते ना!" रिक्षावाले शिव्या देत होते आणि सरकतही होते. त्यांच्या मागून मी स्कूटर ढकलत काढली. पूल उतरल्यावर त्या पुन्हा मागे बसल्या. गासच्या रस्त्याला लागेपर्यंत मला माझ्या पाठीवर त्यांचं काळीज धडधडताना जाणवत होतं, की ते माझंच होतं कोण जाणे.

शाळेच्या फाटकाशी पाहुण्यांच्या स्वागताला शिक्षक फुलं घेऊन उभे होते. मी त्यांच्यामधून धावत गेलो. प्रयोगशाळा व्हरांड्याच्या टोकाला, माझ्या वेळी होती तिथंच. दार उघडं होतं. आत टेबलाशी दोघंच. कल्पेश थर्मामीटर घेऊन काचपात्रावर वाकला होता. काचपात्रात तळाशी तेलासारखं दाट काहीतरी. आणि पूर्वी पाण्याचा मग दोन्ही हातांनी उचलून त्यावर तिरपा करत होती. चष्मा नाही, काही नाही. तिचा चेहरा पात्रापासून वीतभर.

मी ओरडायला तोंड उघडलं तोच बाईंचा हात माझ्या तोंडावर आला. दचकली असती तर पाणी पडलंच असतं.

"पूर्वी," बाई म्हणाल्या. मी तो आवाज तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. शांत, जरासा कंटाळलेला. "मग सरळ कर. हां. आता मागं घे. आणखी मागं. शेजारच्या टेबलावर ठेव. कल्पेश, तू भिंतीपाशी जा बघू."

दोघांनी ऐकलं. बाई पुढे गेल्या, पात्रावर काचेची तबकडी ठेवली, बाटलीचं झाकण लावलं, बाटली कपाटात ठेवून कडी घातली. हात जरासुद्धा हलला नाही. सगळं झाल्यावर मात्र त्यांनी स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या. मी पूर्वीला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, बाबा, दुखतंय.

पाणी ओतलं असतं तर काय झालं असतं ते बाईंनी त्यांना मनगट दाखवून सांगितलं. बाही वर करून. मी पहिल्यांदा तो डाग पूर्ण बघितला. कोपरापर्यंत होता.

पूर्वी पांढरीफटक पडली. मग हळूच म्हणाली, "पण आजी, तुमच्या पानाखाली चौकट नव्हती. घाबरण्यासारखं काही असलं की तुमची चौकट असते ना. ह्याच्याखाली नव्हती, म्हणून तर आम्ही हा प्रयोग घेतला. म्हटलं, हा सेफ आहे."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "चुकलंच गं माझं. विसरायला लागलेय मी."

आता मात्र मला राहवेना. मी बाहेर गेलो, डिकीतून फाईल आणली आणि ते पान त्यांच्यासमोर धरलं. तळाशी लाल चौकट. तिच्यात तीन ओळी, टपोऱ्या अक्षरात. "तुम्ही विसरला नव्हता, बाई. मी कापली. मला ठाऊक होतं कापली जातेय. घरी राहिली म्हणालो तेही खोटं."

मला वाटलं त्या थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं, एकेक शब्द बोटानं वाचला आणि रडायलाच लागल्या. "आहे. आहे की. मी लिहिलं होतं!" एवढ्या आनंदानं रडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि अर्धा तास मी त्या माणसाला वेड लागायच्या भीतीत ठेवलं होतं.

डोळे पुसल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या पानाच्या प्रती किती गेल्या?"

"एक्केचाळीस."

त्यांनी पर्समधून लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. "चल. तुझ्या अक्षरात लिही. मी मुलांची नावं सांगते."

त्या दिवशी आम्ही आचोळ्यातल्या इमारतींचे जिने चढलो. एकदाही लिफ्ट नाही, बाई सोबत होत्या. प्रत्येक दारात मी कारण सांगितलं, कुठं लोक हसले, कुठं एका आईनं मला चांगलंच सुनावलं. तळाला जागा नव्हतीच, म्हणून मी आकृतीवरच लाल फुली मारून आडव्या ओळी लिहीत गेलो. असं कधीही करू नये. चाळीस वेळा. शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तसं.

एक्केचाळिसावी प्रत पूर्वीची. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि मी लिहीपर्यंत उभी राहिली. लिहून झाल्यावर तिनं वाचलं, पान वहीत घातलं आणि वहीतली चार महिन्यांची बाकीची पानं चाळू लागली. एकाच्याही खाली चौकट नव्हती.

"बाबा, ह्या सगळ्यांखाली पण होत्या?"

"होत्या."

"काय लिहिलं होतं?"

मला एकही सांगता येईना. मी त्या वाचल्याच नव्हत्या.