पाणी आलं!

"अहो भावोजी, तुमच्या भोंग्यानं आज आमची काय शोभा केली, ठाऊक आहे का?"

इस्त्रीवाल्या वहिनीनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. हात शर्टाच्या कॉलरवर चालूच. फोनवर होता समुद्रापार राहणारा तिचा धाकटा दीर.

"का? चाचणीला वाजला नाही?"

"वाजला की! 'पाणी येत आहे, तयार राहा,' म्हणाला. अख्खी गल्ली तयार राहिली. हंडे, बादल्या घेऊन नळावर! वर भांडणं, माझा नंबर आधी म्हणून."

दीर हसला, मग ओशाळला. तिकडे नळ कधी जातच नाही. पाणी आलं म्हणजे इकडे काय होतं, हे तो पार विसरून गेला होता.

भोंग्याचं कारण म्हणजे मामंजी, तिचे सासरे. मागच्या पुरात नदी गल्लीत शिरली, तेव्हा वहिनी कपडे पोचवायला गेली होती. शेजाऱ्यांनी घसा फोडला, पण म्हातारा खाटेवरून हलेना. सुनेनं खेकसल्याशिवाय उठायचं नाही, ही जुनी खोड. शेवटी छातीपर्यंत पाणी आल्यावर चौघांनी खाटेसकट उचलला. ते दिरानं फोनवर ऐकलं. बाहेरदेशी गेलेली गल्लीतली सगळी पोरं त्यानं गोळा केली. त्यांतला एक तिकडे पुराचा इशारा देण्याचंच काम करतो. त्यानं नदी चढली की आपोआप बोलणारं भोंग्याचं यंत्र निवडलं, बाकीच्यांनी हातभार लावला. इथं नगरपालिकेनं खांब आणि वीज दिली.

"वहिनी, मग त्यात तुमचाच आवाज भरू. बोला."

"मी? माझा गळा म्हणजे फुटका पत्रा!"

"त्याच पत्र्यानं मला शाळेला उठवलंय. तोच हवा."

वहिनीनं इस्त्री उभी केली, पदर खोचला आणि फोनमध्ये बोंब ठोकली, "नदी आली रे! हंडे राहू द्या, म्हाताऱ्यांना धरा, शाळेवर चला! मामंजी, तुम्हीसुद्धा!"

शेवटचं सवयीनं निघून गेलं. "तेवढं काढा हो," ती म्हणाली. दिरानं काही काढलं नाही.

पुढच्या पावसात वर डोंगरात धो धो कोसळलं. वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. तिला भोंग्यातून आपलाच आवाज ऐकू आला. गाठोडं एका ओट्यावर टाकून ती पळत सुटली. गल्लीत गुडघाभर पाणी, घर उघडं, खाट रिकामी. तशीच शाळेकडे वळली.

मामंजी वरच्या पायरीवर बसले होते. धोतर कोरडं, चेहरा फुगलेला.

"येतच होतो ना मी! गावभर माझ्या नावानं ओरडायची गरज होती?"

वहिनी धापा टाकत त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्या धोतराचा काठ तिनं चाचपून पाहिला.

इतक्यात फोन वाजला, दिराचा. "वहिनी, आले का आबा?"

"आलेत. रुसलेत." मग म्हणाली, "भावोजी, तिकडच्या सगळ्यांना सांगा... म्हाताऱ्याचं धोतरसुद्धा भिजलं नाही."

दीर नाक ओढत राहिला. "सर्दी झालीय," म्हणाला.

"असू दे. वाफ घ्या."

पाणी उतरल्यावर तिनं टेबलावरचा चिखल खरवडला, ओट्यावरून गाठोडं आणलं आणि इस्त्री तापत ठेवली. आधी मामंजींचा सदरा घेतला. त्याच्यावर तिनं पाणी शिंपडलं.

"नीट कर कॉलर," आतून आवाज आला. "गावात नाव झालंय आता माझं."